भयपटाचा प्रेक्षक: एक पुस्तकातला, एक खुर्चीतला

‘जनसंज्ञापन विषयात एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधाला ‘भयपट आणि प्रेक्षक’ हा विषय घेतलाय. मार्गदर्शक सारखे विचारतात, थिअरी कुठली लावणार? ‘फायनल गर्ल’बद्दल वाचलं आणि ते ‘लपाछपी’ या मराठी सिनेमाला लावून पाहिलं, तर निम्मं बसतं, निम्मं बसत नाही. गूगल फॉर्म करून कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. १४० जणांनी भरला, पण त्यातून काय काढायचं ते सुचत नाही. हातात चार महिने आहेत. आणखी एक, जरा खासगी. मला भयपट मनापासून आवडतात. आजी म्हणते, तिन्हीसांजेला असलं अभद्र बघू नये. आईला वाटतं, माझ्यातच काही तरी बिघडलंय. अभ्यासक यावर काय म्हणतात?’
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

तुमच्या शीर्षकातला ‘प्रेक्षक’ हा शब्दच सगळा घोळ करतोय. भयपटांवरच्या लिखाणात या एका शब्दाआड दोन वेगळी माणसं असतात. पहिला प्रेक्षक सिनेमाने गृहीत धरलेला. कॅमेरा त्याला कुठे उभा करतो, कुणाच्या डोळ्यांनी बघायला लावतो, त्याच्यापासून काय लपवतो, यावरून अभ्यासक त्याचं चित्र उभं करतात. तो कधी तिकीट काढून थेटरात येत नाही. दुसरा खरोखर बघणारा: बाल्कनीत बसलेला, हॉस्टेलच्या खोलीत चौघांत मिळून एका लॅपटॉपकडे डोळे लावलेला, रात्री पांघरुणात मोबाइल धरलेला. ‘फायनल गर्ल’, म्हणजे भयपटात शेवटी एकटी उरणारी मुलगी, ही कल्पना पहिल्याबद्दल बोलते. तुमचा गूगल फॉर्म दुसऱ्याला गाठायला निघालाय. थिअरी एकाची आणि माहिती दुसऱ्याची, म्हणून त्यातून काही निघत नाही. तुम्ही कुठे कमी पडलात असं नाही. या विषयात भलेभले इथेच अडखळलेत.

तेव्हा थिअरी निवडण्याआधी माणूस निवडा. दोन्ही घ्यायचे असतील तर त्यांना वेगवेगळी प्रकरणं द्या आणि शेवटी समोरासमोर आणा. हे कसं करायचं याचा उत्तम नमुना म्हणजे दोन लेखांची जोडी. लिंडा विल्यम्स यांनी १९८४ मध्ये मांडलं की पडद्यावर भयानक काही आलं की मुलगे आणि पुरुष न डगमगता बघणं इभ्रतीचं समजतात, मुली आणि बायका डोळे झाकतात. आणि त्यांनी झाकावेत याला सबळ कारण आहे, कारण पडद्यावर बघायचं धाडस करणाऱ्या बाईला सिनेमा शिक्षा करतो. मांडणी फार देखणी आहे. पण ती सिनेमांच्या वाचनातून आलेली. १९९९ मध्ये ब्रिजिड चेरी यांनी ब्रिटनमधल्या भयपटप्रेमी बायकांनाच गाठलं, गटचर्चा घेतल्या, प्रश्नावल्या भरून घेतल्या. या बायका डोळे झाकत नव्हत्या, आवडीने बघत होत्या. त्यांना व्हॅम्पायरचे आणि मानसिक ताणाचे सिनेमे भावत होते, सुरे-कोयत्यांचे स्लॅशर सगळ्यांत कमी. बऱ्याच जणी ही आवड चारचौघांत बोलूनही दाखवत नव्हत्या. चेरींच्या लेखाच्या शीर्षकाचा आशयच असा की न बघणं या बायकांनी नाकारलंय. एकीने दावा मांडला, दुसरीने तो माणसांपर्यंत नेला आणि त्यामुळे दोन्ही लेख आजही वाचले जातात. तुमच्या लघुप्रबंधाचा सांगाडा असाच असू द्या.

आता फायनल गर्ल. कॅरल क्लोव्हर या मुळात मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्याच्या अभ्यासक. त्यांचा लेख १९८७ चा, आणि तो सामावून घेणारं पुस्तक १९९२ चं. त्यांच्यासमोर होते १९७४ पासूनच्या दहा-बारा वर्षांतले अमेरिकी स्लॅशर सिनेमे. सगळे मरतात आणि एक मुलगी उरते: सावध, शरीरसंबंधांपासून लांब, काहीशी मुलग्यासारखी, पुष्कळदा नावही मुलामुलीत कुणालाही चालेल असं. क्लोव्हर यांचा खरा मुद्दा मात्र तिच्या शौर्याचा नाही. थेटरात बहुसंख्येने बसलेले तरुण मुलगे या मुलीच्या भीतीत स्वतःला कसे विसरतात, हा त्यांचा प्रश्न होता. मारेकऱ्याच्या जोरापेक्षा सावजाचं सोसणं या मुलग्यांना धरून ठेवतं, असं त्यांचं उत्तर. तिचा विजय हा स्त्रीवादाचा विजय मानायला त्यांनी मूळ लेखातच ठाम नकार दिला होता. आज ही संकल्पना ‘खमकी नायिका’ एवढ्याच अर्थाने फिरते. तुमच्या टिपणांत ती तशीच आली असेल, तर मूळ लेख पुन्हा उघडा.

हा लेख वाचताना होणारी एक चूक इतकी नेहमीची आहे की ती जवळून दाखवतो. १९७८ च्या ‘हॅलोविन’ची सुरुवात आठवा. कॅमेरा बाहेरून घराजवळ येतो, खिडकीतून आत बघतो, स्वयंपाकघरात शिरतो, एक हात सुरी उचलतो, जिना चढून गेल्यावर मुखवटा चढतो आणि पुढचं सगळं आपल्याला त्या मुखवट्याच्या दोन भोकांतून दिसतं. खून होतो. बाहेर आल्यावर कुणी तरी मुखवटा ओढून काढतं, आणि समोर उभा असतो सहा वर्षांचा मुलगा. विद्यार्थी लिहितात: कॅमेरा मारेकऱ्याच्या डोळ्यांत, म्हणून प्रेक्षक मारेकऱ्याच्या बाजूने. क्लोव्हर असं म्हणत नाहीत. त्या वाट बघतात. सिनेमा पुढे सरकतो तशी नजर नायिकेकडे, लॉरीकडे जाते, आणि शेवटी कपाटात अडकलेली लॉरी तारेचा हँगर सरळ करते तेव्हा आपण तिच्याबरोबर आत असतो आणि तो दार फोडत बाहेर. कॅमेऱ्याची जागा आणि मनाची बाजू या दोन गोष्टी आहेत. तुमच्या दृश्य-नोंदीत त्यांना वेगळे रकाने द्या.

शिवाय, सिद्धान्ताने सांगितलेलं मोजून पाहिलेलेही लोक आहेत. ग्लोरिया कोवन आणि मार्गारेट ओब्रायन यांनी १९९० मध्ये ५६ स्लॅशर सिनेमांतल्या बळींची मोजदाद केली. या सिनेमांत बायकाच जास्त मरतात हा समज त्यात टिकला नाही. पण ज्या बायका मेल्या त्या जगलेल्यांपेक्षा जास्त लैंगिक रूपात दाखवलेल्या होत्या, हे टिकलं. म्हणजे क्लोव्हर यांच्या निरीक्षणाला पुरावा मिळाला आणि आपल्या सगळ्यांच्या समजाला तडा गेला. तुम्हाला ५६ सिनेमे मोजायची गरज नाही. पण ‘नेहमी’, ‘बहुतेक’, ‘सगळ्याच’ असे शब्द लिहिताना ही मोजणी डोळ्यांसमोर असू द्या.

‘लपाछपी’ला ही संकल्पना निम्मीच बसते, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य आहे आणि तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. विशाल फुरिया यांच्या २०१७ च्या या सिनेमाची नायिका लग्न झालेली आहे, दिवस भरत आलेले आहेत. क्लोव्हर यांच्या मुलीच्या अगदी उलट टोकाला. स्लॅशरमध्ये शरीरसंबंध आला की मरण येतं. इथे पोटातलं बाळ हेच सिनेमाचं कारण आहे आणि तेच पणाला लागलंय. जिथे बसत नाही तिथून प्रश्न विचारा. ही मुलगी कशामुळे उरते? ती पवित्र राहिली म्हणून, की आधी संपवल्या गेलेल्यांचं ऐकून घेतलं म्हणून? याचं उत्तर चार पानांत नीट दिलंत तरी एक प्रकरण उभं राहतं. जिथे बसतं ते एका परिच्छेदात उरका.

या प्रकरणाला फायनल गर्लपेक्षा चित्रपट-समीक्षक रॉबिन वुड यांची मांडणी जास्त उपयोगी पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे. १९७९ मध्ये त्यांनी भयपटाचं सूत्र एका ओळीत दिलं: जे ‘नॉर्मल’ त्याला राक्षसाकडून धोका. दिसायला बाळबोध वाटतं, पण त्यात तीन बदलत्या जागा आहेत: नॉर्मल कशाला म्हटलंय, राक्षस कोण आणि दोघांमधलं नातं काय. समाज स्वतःतलं जे दाबून टाकतो तेच राक्षस होऊन परत येतं, असं वुड म्हणतात, आणि तिसऱ्या जागेलाच सगळ्यांत जास्त महत्त्व देतात. ‘लपाछपी’त ही तीन नावं भरायला घ्या. भुतं आहेतच, पण जसजसं कळत जातं तसतशी भीती भुतांवरून सरकून मुलगाच हवा म्हणणाऱ्या घरावर येते. दाबलं गेलेलं परत आलंय खरं, पण राक्षस ठरतं ते दाबणारं. नॉर्मल आणि राक्षस यांनी जागा बदलल्या. हे तुम्ही दृश्यांच्या आधाराने दाखवलंत, तर ‘थिअरी कुठली’ हा मार्गदर्शकांचा प्रश्न सुटलाच म्हणून समजा.

बार्बरा क्रीड यांचं १९९३ चं पुस्तक तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेलच. तत्त्वज्ञ ज्युलिया क्रिस्तेव्हा यांचा आधार घेऊन त्या म्हणतात की राक्षसी बाई भयानक वाटते ती तिच्या आईपणामुळे, गर्भाशयामुळे, रक्तामुळे. गरोदर नायिका, हडळ, जखीण हे सगळं त्यात पटकन बसल्यासारखं वाटतं. पटकन बसतंय म्हणूनच जपून. ‘लपाछपी’त गर्भारपण भयानक आहे, की गर्भारपणावर टपलेले लोक भयानक आहेत, हे दृश्यागणिक ठरवा. सरसकट क्रीड लावलीत तर सिनेमाचं म्हणणं उलटं फिरेल.

तत्त्वज्ञ नोएल कॅरल यांच्या पुस्तकाबद्दल (१९९०) मात्र जरा थांबायला हवं, कारण मराठीत आल्यावर त्यांची मांडणी आणखी खोल जाते, आणि धोकादायकही होते. त्यांचं म्हणणं असं: भयपटातला राक्षस दोन अटी पाळतो. तो घातक असतो आणि ओंगळ असतो. ओंगळ म्हणजे वर्गवारी मोडणारा, धड जिवंत ना धड मेलेला, धड माणूस ना धड जनावर. ही कल्पना त्यांनी मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांच्याकडून घेतली. घातक अधिक ओंगळ, म्हणजे भीती अधिक किळस, हे वाचताना मराठी वाचकाला भयानक आणि बीभत्स हे रस शेजारी उभे दिसतात, स्थायीभाव अनुक्रमे भय आणि जुगुप्सा. इथवर ठीक. पण ‘ओंगळ’च्या जागी तुम्ही ‘अशुद्ध’ किंवा ‘विटाळ’ लिहिलंत की शब्दाबरोबर जात येते, बाईची पाळी येते, सोयर-सुतक येतं. इंग्रजीत तो तत्त्वज्ञानाचा शब्द आहे, आपल्याकडे त्याने माणसांना गावकुसाबाहेर ठेवलंय. म्हणून एखाद्या हिंदी-मराठी भयपटात ‘अशुद्ध’ काय आहे असं विचारताना लगेच पुढचा प्रश्न विचारा: कुणाच्या लेखी? हा प्रश्न कॅरल यांच्या पुस्तकात तुम्हाला मिळणार नाही. तो तुमचा.

कॅरल यांनी मांडलेल्या एका कोड्याशी तर मराठी वाचकाची जुनी ओळख आहे. जे दुःख देतं, घाबरवतं, ते आपण हौसेने का बघतो? करुण रसातून आनंद कसा, यावर मराठी समीक्षेने न. चिं. केळकरांच्या ‘सविकल्प समाधी’पासून पुष्कळ शाई खर्ची घातलीय. कॅरल यांचं उत्तर कुतूहलाचं आहे. राक्षस अशक्य कोटीतला, म्हणून तो आहे का, कसा आहे, त्याचं काय करायचं, हे जाणून घेण्यात गोडी. किळस ही त्या गोडीची किंमत. त्यांनी यासाठी कथानकाचा एक आराखडाही दिला: चाहूल, शोध, इतरांची खात्री पटवणं आणि सामना. ‘तुंबाड’ (२०१८) यात अडखळतो. नायक विनायकला सोनं बाळगणाऱ्या हस्तर या राक्षसाबद्दल कुणाची खात्री पटवायची नसते. उलट ते गुपित ठेवण्यातच त्याचा फायदा असतो, आणि तो सामना टाळण्याऐवजी पुन्हा पुन्हा करायला जातो. कुतूहलाची जागा हाव घेते. आराखडा मोडला की काय उरतं हे बघण्यासाठीच आराखडे वापरायचे असतात.

रसचर्चेबद्दल एक सावधगिरी. ‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ असं प्रकरण लिहू नका. लिहायचंच तर नेमकं लिहा. रसमीमांसक अभिनवगुप्त भयानकासाठी ‘शाकुंतला’तलं बाणाच्या धाकाने मान वळवून पळणारं हरीण घेतात आणि सांगतात की रसिकाला जाणवणारं भय ‘मी भ्यालो’ असं नसतं आणि ‘तो भ्याला’ असंही नसतं. ते कुणा एकाचं न राहता साधारण झालेलं असतं. सिनेमा बघताना भ्यायलेला प्रेक्षक थेटराचं दार उघडून का पळत नाही, या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या लाडक्या प्रश्नाला यातून वेगळी वाट मिळते. पण हेही विसरू नका की त्यांचा ‘सहृदय’, म्हणजे जाणता रसिक, हाही ग्रंथातला प्रेक्षक आहे. म्हणजे तो पहिल्या प्रकरणातला.

आता दुसरा माणूस, खुर्चीतला. मानसशास्त्रज्ञांनी त्याला प्रयोगशाळेत आणलं. डॉल्फ झिलमान यांचं म्हणणं, भीतीने शरीरात चढलेली उत्तेजना लगेच उतरत नाही, आणि संकट टळल्यावर तीच उत्तेजना सुटकेच्या आनंदात मिसळून तो वाढवते. मग वाईट शेवट असलेले भयपट लोक का बघतात, याला हे उत्तर पुरत नाही. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा १९८६ चा प्रयोग तुम्हाला अधिक कामाचा: मुलामुलींच्या जोड्या करून त्यांना भयपटाचा तुकडा दाखवला, जोडीतला एक आधीच शिकवून ठेवलेला. शेजारची मुलगी घाबरली तर मुलग्यांना सिनेमा जास्त आवडला. शेजारचा मुलगा घाबरला तर मुलींना सगळ्यांत कमी. सिनेमा तोच, फक्त शेजारी बदलला. म्हणून कुणाबरोबर पाहिलं हे न विचारता घेतलेलं ‘आवडलं का’चं उत्तर अपुरं आहे. तुमच्या फॉर्ममध्ये हा प्रश्न होता का?

डेन्मार्कमधल्या ऑरहुस विद्यापीठाच्या गटाने तर प्रयोगशाळाच सोडली आणि वाइले इथल्या भीतिघरात, म्हणजे लोकांना मुद्दाम घाबरवायला उभारलेल्या घरात, ११० जणांच्या छातीचे ठोके मोजले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या ‘यू’सारखा निघाला: फार कमी भीती कंटाळवाणी, फार जास्त नकोशी, मधल्या पट्ट्यात गंमत. हे वाचून मैत्रिणींच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधायचा मोह होईल. नका करू. दचकल्यावर पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटायला लागते, आणि मनगटावरचं घड्याळ काही सेकंदांची सरासरी दाखवतं. हात हलला की तीही बिघडते. आकडे दिसतील शास्त्रीय, अर्थ काहीच नसेल.

तुमच्यापाशी घड्याळापेक्षा चांगलं साधन आहे, आणि ते म्हणजे मराठी. ज्युलियन हानिश यांनी २०१० मध्ये सिनेमातल्या भीतीचे पाच प्रकार पाडले: समोर दाखवलेलं भयानक, नुसतं सुचवलेलं भयानक, धक्का, काही घडायच्या आधीची शांत भीती आणि पाठलागातली आरडाओरड्याची भीती. इंग्रजीत त्यांना हे समजावायला पानंच्या पानं लागली. आपण रोज बोलताना हा फरक करतो. दचकणं वेगळं, धास्ती वेगळी. पोटात गोळा येणं, अंगावर काटा येणं, धडकी भरणं, पाचावर धारण बसणं, शिसारी येणं, या प्रत्येकाची जागा शरीरात वेगळी आणि सिनेमात वेगळी. १९४२ च्या ‘कॅट पीपल’मधलं प्रसिद्ध दृश्य घ्या. रात्रीचा रिकामा रस्ता, पुढे चालणाऱ्या बाईच्या बुटांची टकटक, मागून दुसरी टकटक, मग ती मागची थांबते. ती थांबल्यापासून जे वाढत जातं ती धास्ती. अचानक फिस्स असा आवाज करत चौकटीत घुसते एक साधी बस, आणि आपण दचकतो. एका मिनिटात दोन भीती. फॉर्मवर ‘भीती वाटली का? १ ते ५’ असं विचारलं की या दोन्हींची एकच भेळ होते. तुमच्या १४० उत्तरांची नेमकी हीच गत झाली असणार.

ती १४० उत्तरं टाकून देऊ नका, पण त्यांची टक्केवारीही काढू नका. कॉलेजच्या ग्रुपवरचा फॉर्म ज्यांना भयपट आवडतात तेच आधी भरतात, आठवणीतून भरतात, आणि मुलगे स्वतःची भीती कमी करून सांगतात. ती उत्तरं म्हणजे मुलाखतींसाठी माणसं शोधायची यादी, एवढंच समजा.

त्या यादीतून १२ माणसं निवडा. इथे तुमचं कोल्हापूरचं असणं उपयोगी पडेल. ‘लपाछपी’तली भयाची जागा आहे उसाचा फड. अमेरिकी स्लॅशरमधली भयाची जागा बहुधा बंदिस्त असते, तळघर किंवा जुनं घर. फड उघड्या आभाळाखाली असूनही दोन हातांपलीकडचं दिसू देत नाही, आणि वारा सुटला की पाचटाच्या सळसळीत पावलांचा आवाज लपतो. पण ज्याने लहानपणी फडात लपाछपी खेळलीय, तोडणीच्या दिवसांत घरच्यांबरोबर गेलाय, त्याला तो भयानक वाटतो का? की त्याला त्यात चुका दिसतात? सहा जण ऊस पिकवणाऱ्या घरांतले, सहा जण शहरात वाढलेले. प्रश्न एवढाच ठेवा: फडाची भीती कुणाला वाटते, आणि कुठल्या क्षणी? ‘भयपट आणि प्रेक्षक’ हे शीर्षक बदलून हे घ्या. मार्गदर्शक नाही म्हणणार नाहीत.

सगळे १८ पूर्ण झालेले हवेत. लेखी संमती घ्या, आणि त्यात गर्भपात, बाळंतपण, मुलींचं मारलं जाणं हे सिनेमात आहे असं आधीच स्पष्ट लिहा. कधीही उठून जाता येईल आणि कारण विचारलं जाणार नाही, हेही. या विषयाची जखम कुणाच्या घरात असेल हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळणार नाही.

आधी स्वतः दृश्यांची नोंद करा. फडातली दोन दृश्यं घ्या, प्रत्येकी पाच-सात मिनिटांची. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका, मग शॉटनिहाय तक्ता भरा: वेळ, शॉट किती जवळचा, कुणाची नजर, आवाज कुठून, चौकटीबाहेर काय असल्याचं भासवलंय, आणि तुमच्या मते भीती कुठल्या जातीची. एका दृश्याला एक पूर्ण दिवस लागेल, तेवढा द्या. हा तक्ता म्हणजे तुमचा पहिला, पुस्तकातला प्रेक्षक. तो मुलाखतींआधीच पुरा करून, तारीख घालून बंद करा. नाही तर लोकांची उत्तरं ऐकून तुम्ही नकळत तक्ता दुरुस्त कराल.

मग तीन-तीनच्या गटात सिनेमा दाखवा. दोन्हीकडची माणसं एका गटात मिसळू नका, शेजाऱ्याचा परिणाम आत्ताच पाहिला. चार गट जमत नसतील तर दोनच करा, सहा-सहाचे. कुठे बसायचं ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही मागे नको, बाजूला बसा आणि फक्त त्या दोन दृश्यांत कोण काय करतं ते टिपा: ओढणी डोळ्यांवर, मोबाइल हातात, हसणं, शेजाऱ्याचा हात. हसण्याला बेफिकिरी समजू नका, तो ताण उतरवायचा एक मार्ग असतो. व्हिडिओ काढायचा असेल तर संमती वेगळी घ्या. माझं मत विचाराल तर काढूच नका, कॅमेरा समोर असला की लोक घाबरण्याचा किंवा न घाबरण्याचा अभिनय करतात.

मुलाखत २४ तासांच्या आत, एकेकट्याची, ३०-४० मिनिटं. सुरुवातीला ‘सिनेमाची गोष्ट मला सांगा’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. काय आधी सांगितलं, काय गाळलं, कुठे आवाज बदलला, यातून जे मिळतं ते थेट प्रश्नातून मिळत नाही. नंतर तीच दोन दृश्यं लावा आणि हवं तिथे थांबवायला सांगा. ‘तुम्हाला भीती का आवडते?’ हा प्रश्न कधीच विचारू नका. त्यावर माणूस कुठे तरी वाचलेलं उत्तर देतो. भयपटाच्या आवडीला कोडं मानून तिचा खुलासा मागत राहण्यावर मॅट हिल्स यांनी २००५ मध्ये केलेली टीका याच संदर्भात वाचा. चाहत्यांना भीतीइतकाच आपल्या जाणकारीचा आनंद असतो, आणि ‘यात काय घाबरायचं’ असं म्हणणं हाही त्या जाणकारीचा भाग असतो.

एक तासाचं मराठी बोलणं टाइप करायला पाच ते सहा तास लागतात. १२ मुलाखतींचं साधारण ८ तासांचं ध्वनिमुद्रण, म्हणजे ४० ते ४८ तासांची टायपिंगची मेहनत. बहुतेकांचं वेळापत्रक इथेच कोसळतं. रोज एक मुलाखत संपवायची ठरवलीत तर दोन आठवड्यांत होईल. बोली शुद्ध करू नका. कुणी ‘काळीज लकाकलं’ म्हणालं तर तेच लिहा. मग प्रत्येक भीतीच्या शब्दावर खूण करा आणि तो कुठल्या सेकंदाबद्दल आहे ते शॉटच्या तक्त्याशेजारी लिहीत जा. जिथे तुमच्या तक्त्यात धास्ती आहे आणि गावाकडची सहा माणसं ‘पाचटात असा आवाज होतच नाही’ म्हणतात, तिथे तुमचं शेवटचं प्रकरण सुरू होतं.

हिंदी-मराठीकडे वळताना नुसती पाश्चात्त्य नावं लावायची गरज नाही. मेहेली सेन यांचं २०१७ चं आणि मिथुराज धुसिया यांचं २०१८ चं पुस्तक हिंदी आणि इतर भारतीय भयपटांवर आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मागणी नोंदवा. वाचनाला तीन आठवडे, त्याच दरम्यान तक्ता. चौथ्या आठवड्यात दोन माणसांवर रंगीत तालीम करून प्रश्न सुधारा. सातव्यापर्यंत प्रयोग आणि मुलाखती, नवव्यापर्यंत टायपिंग, पुढचे दोन आठवडे खुणा, उरलेलं लेखन.

आता आईचं. सहानुभूती कमी असलेल्यांना भयपट आवडतात असा समज अभ्यासातही बराच काळ होता. कोल्टन स्क्रिव्हनर यांनी २०२४ मध्ये तो पुन्हा तपासला आणि तसा संबंध सापडला नाही. त्याआधी, कोविडच्या काळात ३१० जणांवर केलेल्या पाहणीत भयपटांचे चाहते मानसिक त्रासाला थोडे जास्त टिकाव धरताना दिसले. भयपटांमुळे ते तसे झाले, की मुळात तसे होते म्हणून भयपट बघत होते, हे त्यातून ठरत नाही. आईला सांगताना एवढं प्रामाणिकपणे सांगा. तुमची झोप उडत असेल, दिवसाही दृश्यं डोळ्यांसमोरून हलत नसतील, तर मात्र थांबा आणि कॉलेजच्या समुपदेशकाशी बोला. तसं काही नसेल, तर ही आवड आहे, आजार नाही.

आजीशी वाद घालू नका. त्याच डॅनिश गटाने २०१९ मध्ये भीतिघरात येणाऱ्यांचे दोन वर्ग पाहिले, भीती जास्तीत जास्त वाढवू बघणारे आणि ती आवरून धरणारे, आणि समाधान दोघांचं जवळपास सारखंच निघालं. कधी, कुणाबरोबर, किती उजेडात बघायचं हे ठरवणं हा भीती आवरायचाच एक मार्ग आहे, आणि तिन्हीसांजेचा नियम करणाऱ्या आजीला याची चांगली जाण असणार. रंगीत तालमीसाठी दोन माणसं लागणार आहेत. त्यातलं एक नाव आजीचं लिहा. सिनेमा दुपारी लावा, आणि ‘गोष्ट सांग’ म्हणून झाल्यावर मध्ये बोलू नका.